चालू ठेवलेली गाडी

आमच्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ट्विला धुलाईघर बघायची आणि मी स्वयंपाकघर. मध्ये भिंत एकच. तिचे ड्रायर घरघरायला लागले की माझ्या फळीवरचे कप थरथरायचे. मी ओरडायचे, "अगं बाई, कपडे वाळवतेस की भूकंप आणतेस?" पलीकडून ती म्हणायची, "तुझ्या बीन्स शिजेनात म्हणून हलवून देतेय!"

ती राहायची पार पलीकडच्या दरीत, म्हाताऱ्या आईबरोबर. केंटकीच्या या डोंगरात बस येत नाही. गाडी नाही तर नोकरी नाही, आणि आमच्यासारख्यांच्या पगारावर गाडी देतो कोण? एकटा डेल्मर. बँक ज्यांना दारात उभं करत नाही त्यांना तो गोड हसून जुनी गाडी देतो. मग दर शुक्रवारी पाचच्या आत त्याच्या खिडकीवर हप्ता न्यायचा. गाडीची एक किल्ली तुम्हाला, दुसरी त्याच्याकडे, आणि स्टिअरिंगखाली एक काळी पेटी. हप्ता चुकला की संध्याकाळी सहापासून ती पेटी गाडी सुरूच होऊ देत नाही. शनिवारी दुपारी त्याची ओढगाडी येते आणि तुमची गाडी घेऊन जाते. ट्विलाची निळी गाडी तिच्याआधी तिघांनी अशीच घालवली होती. मेल्याला गाडी विकायचीच नसते, तीच ती परत परत विकायची असते.

पण ट्विलाची सुटका जवळ आली होती. गावातल्या चर्चच्या तळघरात जेनीव्हाबाई एक संस्था चालवतात. कमी पगाराच्या माणसाला त्या धड गाडी शोधून देतात, पतपेढीत स्वतः जामीन राहतात आणि हप्ता पगारात बसेल असा बांधून देतात. डेल्मरचा हिशेबही त्याच मिटवतात. अट एवढीच, की जुनी गाडी आपल्या पायांनी चालत त्यांच्या दारात आली पाहिजे. एकदा का ती ओढून नेली, की वर्षभर तुमच्या नावाला कुणी जामीन राहत नाही. ट्विला अख्खा हिवाळा रांगेत होती. त्या शनिवारी दुपारी एकला तिचा नंबर होता.

आणि शुक्रवारीच घात झाला. तिच्या जागी येणारी बाई उशिरा आली, त्यामुळे ट्विला डेल्मरकडे पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. पैसे हातात होते हो! खिडकी खाली ओढलेली, आत दिवा चालू. तिने काच ठोकली. आतून डेल्मर म्हणाला, "सोमवारी ये, राणी."

"सोमवारी गाडी कुठे असेल माझ्याकडे?"

"ते मला काय विचारतेस? घड्याळाला विचार."

त्याला चर्चचं सगळं ठाऊक होतं. गिऱ्हाईक हातचं जाणार, हे त्याला बरोबर कळलं होतं.

मात्र एक गोष्ट त्या पेटीला जमत नाही. चालू असलेली गाडी ती बंद करू शकत नाही. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ट्विलाने गाडी बंदच केली नाही. पेट्रोल भरतानाही इंजिन चालू ठेवलं, पंपवाला आईबहिणीवरून शिव्या देत होता तरी. रात्रभर ती अंगणात गाडी घरघरत ठेवून पायरीवर घोंगडी पांघरून बसली. सकाळी कामाला आली तेव्हा जागरणाने तिचे डोळे लाल झाले होते. सुट्टी घेणं शक्य नव्हतं, आणखी एक खाडा पडला असता तर नोकरीच जाणार होती, आणि नोकरी नाही त्याला जेनीव्हाबाईही गाडी देत नाहीत.

गाडी तिने धुलाईघराच्या मागच्या दाराशी लावली, आवाज आत ऐकू यावा म्हणून. किल्ली आतच होती, म्हणून गाडीचं दार कुलूप न लावताच ठेवावं लागलं. आम्हा कामावरच्या सगळ्यांना तिने बजावलं, "गाडीला हात लावायचा नाही हं. बाराला पाळी संपली की मी निघाले."

मी म्हटलं, "हात कसला लावतेय, मी तर तिच्याकडे बघतसुद्धा नाही." ती हसली. त्या दिवशी तिला हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

आता एल्डन आजोबांचं सांगते. पूर्वी कोळशाचा ट्रक चालवायचे. थंडीत डावी बाजू गेली तेव्हापासून खुर्चीत. घरचं कुणी येत नाही. ट्विला रोज आपल्या जेवणाच्या सुट्टीत त्यांना वॉकर धरून चालवायची. आधी पलंगापासून दारापर्यंत, मग व्हरांडा. "आजोबा, मागच्या दारापर्यंत एकट्याने आलात की मी नाचून दाखवेन," असं तिने कबूल केलं होतं.

साडेअकराच्या सुमाराला ड्रायर थांबले. एरवी ते थांबले की मला हायसं वाटतं. त्या दिवशी भिंतीपलीकडे एकदम सगळंच शांत झालं. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी धावत गेले.

मागच्या दारात एल्डन आजोबा उभे होते. घामाने निथळत होते, वॉकर थरथरत होता, आणि तोंडभर हसू. एकटेच आले होते, दार ओलांडून पार गाडीपर्यंत. मूठ उघडून त्यांनी किल्ली पुढे केली.

"वेंधळी पोर! गाडी चालू ठेवून आलीस. पेट्रोल काय फुकट मिळतं? मी बंद केली."

ट्विला पांढरीफटक पडली. मला वाटलं, आता ही किंचाळणार. मीच किंचाळायच्या बेतात होते. तिने पुढे होऊन किल्ली घेतली, त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांचा घाम पुसला.

"शाब्बास आजोबा," ती म्हणाली. "बघा, आलात की नाही एकटे!"

"आता नाच."

आणि ती नाचली हो. कपड्यांच्या ढिगाऱ्यांमध्ये दोन गिरक्या घेतल्या. मला ते बघवेना, मी तोंड फिरवलं.

मग ती गाडीत जाऊन बसली आणि किल्ली फिरवत राहिली. नुसतं टक् टक्. पेटी उपटली तर चोरीचा गुन्हा. डेल्मर फोन उचलेना. जेनीव्हाबाई फोनवर रडल्या, पण नियम त्यांचा नव्हता, संस्थेला पैसे देणाऱ्यांचा होता. एकच्या आधीच ओढगाडी आली. ट्विलाने आईची औषधं आणि एक छत्री तेवढी गाडीतून काढून घेतली.

पुढचा आठवडाभर ती कुणाकुणाच्या गाडीतून आली. मग एक दिवस उशीर, एक दिवस खाडा, आणि तिची जागा भरली गेली. आता त्या दरीतून कुणी आलं की मी विचारते. घरीच असते म्हणतात, आईजवळ.

एल्डन आजोबांना आता मी चालवते. मागच्या दाराशी आलो की ते रोज थांबतात आणि मोकळ्या जागेकडे बघतात.

"ती पोर कुठे गेली गं? गाडी बंद करते ना आठवणीने?"

"करते, आजोबा," मी म्हणते. "चला, जेवण थंड होतंय."