बस मागणाऱ्या पक्षातली दोन वर्षं

पक्षाच्या तालुका कार्यालयात दोन वर्षं काढली की हाती दुसरं काही लागो न लागो, किस्से मात्र ढीगभर जमतात. मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "आप्पांचं एखादं सांग ना." मी सांगते, त्या पोट धरून हसतात. मीही हसायचे. आता सगळे किस्से एका पोरीच्या लग्नापाशी जाऊन थांबतात, म्हणून एकदा ओळीनं लिहून टाकते.

नांदेडला बी.ए. करून मी अहमदपूरला घरी परतले ते डोक्यात आग घेऊन. विषय राज्यशास्त्र, त्यामुळे आपल्यावाचून तालुक्याचं अडलंय अशी माझी खात्री होती. पक्षाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही म्हणाल, आमच्याकडचाही असाच आहे. आप्पा अध्यक्ष. बियाण्यांचं दुकान, कपाळावर विभूती, जिभेवर साखर. गुरुजी सचिव, रिटायर्ड मास्तर. टायपिंग, फोटो आणि फेसबुक माझ्याकडे.

*

पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी माझ्यापुढे मागच्या निवडणुकीचा जाहीरनामा ठेवला.

"बेटा, हाच टाईप कर. फक्त वर्ष बदल."

मी वाचत गेले. सहाव्या आश्वासनावर अडले. "गुरुजी, ओढ्यावरचा पूल बांधून झालाय की. दुसऱ्या पक्षानं बांधला."

गुरुजींनी चष्मा वर केला. "झाला? मग आश्वासनांतून काढ."

मला बरं वाटलं. माणूस चूक कबूल करतोय.

"आणि मागच्या पानावर कामगिरीत टाक."

*

त्याच जाहीरनाम्यात एक आश्वासन मी स्वतः घातलं होतं. फाट्यापासून सहा किलोमीटर आत एक गाव आहे, तिथं एसटी जात नाही. प्रचाराला गेलो तेव्हा शिवकन्या भेटली. अकरावीला होती. सहा किलोमीटर चालत फाट्यावर यायची, तिथून मिळेल त्या जीपमध्ये दाटीवाटीनं कॉलेजला. तिचे वडील, नागोराव, दारातच मला म्हणाले, "ताई, बारावीपर्यंत काढतो मी कसंबसं. पुढं तीन वर्सं पोरीला फाट्यावर उभी करनार न्हाई. बस आली तर बी.ए., न्हाई तर पाव्हणे बघतो."

"बारावी व्हायच्या आत बस येईल, मामा."

"तुमी म्हनताव?"

"मी म्हणते."

आप्पा जवळच उभे होते. परत येताना गाडीत म्हणाले, "पोरी, लई लवकर शिकलीस."

मला ती शाबासकी वाटली होती.

*

आमचा महिला मेळावा झाला. स्टेजवर नऊ खुर्च्या, नवांवर नऊ पुरुष. महिला आघाडीच्या अध्यक्षा म्हणजे आप्पांच्या मंडळी. त्या आल्याच नव्हत्या. मी आप्पांच्या कानाला लागले, "काकू कुठायत?"

"घरी पाव्हणे आलेत. सैपाक कोन करनार?"

आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "अध्यक्षा काही कारणानं येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या वतीनं मी दोन शब्द बोलतो."

विषय होता, स्त्रियांनी आता स्वतः बोललं पाहिजे. चाळीस मिनिटं बोलले.

*

निवडणुकीत आमचा फ्लेक्स होता, 'त्यांच्यासोबत कदापि नाही'. निकालानंतर चौथ्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत सत्तेत बसलो. मी कार्यालयात तावातावानं गेले. म्हटलं, आता या फ्लेक्सचं काय करायचं ते सांगा.

आप्पा शांतपणे म्हणाले, "फेकू नको. पत्र्यावर अंथर. कोपऱ्यात गळून राहिलंय."

शिडी लावून मी वर चढले, तर पत्र्यावर आधीच तीन फ्लेक्स अंथरलेले. तिन्ही वेगवेगळ्या पक्षांविरुद्धचे. तिघांसोबतही आम्ही कधी ना कधी बसलो होतो.

मी राजीनामा लिहिला त्या दिवशी. मग शिवकन्येची बस आठवली. सत्तेत आहोत, तर निदान तेवढं तरी होईल असं वाटलं. कागद फाडून टाकला. आज वाटतं, तो द्यायला हवा होता आणि सरळ एकटीनं जाऊन बसचं बघायला हवं होतं. पण मला वाटायचं, कामं पक्षातर्फेच होतात.

*

बससाठी आंदोलन करा म्हणून मी आप्पांच्या मागे लागले. शेवटी फाट्यावर रास्ता रोको ठरला. अकराला लग्नाला जायचं होतं म्हणून आप्पांनी तो नऊ ते साडेदहा ठेवला. घोषणा मी लिहिल्या होत्या. आम्ही रस्त्यात बसलो आणि पहिली गाडी अडली ती एसटीच.

खिडकीतून एका म्हातारीनं डोकं बाहेर काढलं. "काय पायजे रं लेकरांनो?"

"बस पाहिजे, आजी," मी ओरडले.

म्हातारीनं आमच्याकडं नीट पाहिलं. "मंग हाय ती कशाला अडवून राहिलाव?"

लोक हसले. आप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसले. सव्वादहालाच उठले आणि लग्नाला गेले.

*

शिवकन्या बारावी पास झाली. पेढे घेऊन कार्यालयात आली, मला एक दिला आणि हळूच विचारलं, "ताई, कधी येती हो? फॉर्म भरायची तारीख जवळ आलीय. बाबा रोज इचारतेत."

गुरुजींनी पेढा तोंडात टाकला. "निवेदन तीनदा दिलंय बाळा. वरून यायचं बाकी आहे."

त्या 'वरून'चा पत्ता काढायचा म्हणून मी आप्पांना न सांगता एकटीच एसटीच्या आगारात गेले. साहेब साधा माणूस होता. पाणी दिलं, ऐकून घेतलं, मग म्हणाला, "निवेदन आलेलं नाही."

मी मोबाईल पुढं केला. तीन फोटो. तिन्हींत एका बाजूनं आप्पांनी कागद धरलाय, दुसऱ्या बाजूनं साहेबांनी, दोघं कॅमेऱ्याकडं बघतायत.

"हो, धरलं होतं मी," साहेब म्हणाले. "तीनदा धरलं. वाचायला एकदाही भेटलं नाही. फोटो झाला की तुमचे ते गुरुजी कागद परत घेऊन जायचे."

मी तशीच कार्यालयात आले. गुरुजींना विचारलं. त्यांनी कपाट उघडून फाईल काढली. प्लास्टिकच्या पिशवीत ते निवेदन, घडी नसलेलं, कोरं करकरीत.

"अगं, दिलं की कागद गेला. ते चुरगाळतात, शिक्के मारतात. पुढच्या फोटोला पुन्हा कोण टाईप करणार?"

"मीच करते ना टाईप."

"म्हणूनच. तुलाच त्रास नको."

भांडणार होते, पण तिन्ही फोटो मीच काढले होते. 'थोडं वर धरा आप्पा,' असं मीच म्हणाले होते. कागद परत जाताना माझं लक्ष मोबाईलमध्ये. तिन्ही वेळा फोटो फेसबुकवर टाकायची घाई.

दुसऱ्या दिवशी ते निवेदन नेऊन दिलं, शिक्का घेतला. साहेबांनी माझ्यासमोर वाचलं. म्हणाले, "रस्ता बघायला माणूस पाठवतो. पण वेळापत्रक ठरून गेलंय, यंदा होणार नाही. मागच्या वर्षी आलं असतं तर मार्गी लागलं असतं."

नागोरावांना सांगायला गावात मी गेले, पक्षातलं दुसरं कुणी नाही. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"ऱ्हाऊ द्या ताई. हिमायतनगरकडचं स्थळ आलंय. मानसं चांगली हायती."

शिवकन्या आतून चहा घेऊन आली. माझ्याकडं न बघता कप ठेवला.

*

लग्न गावातच झालं. नवरदेवाकडचे वऱ्हाड घेऊन आले ते आरक्षित एसटीनं. त्या रस्त्यानं गावात शिरलेली पहिली लाल बस. पोरं धूळ खात मागं पळत होती, म्हातारी माणसं पारावरून उठून बघत होती.

आप्पा आशीर्वादाला आले. गाडीतून उतरले आणि बस पाहून थबकले. मग मांडवातून नारळ मागवला, बससमोर फोडला, टायरला हळदीकुंकू लावलं. आशीर्वादाच्या भाषणात म्हणाले, "आपला पक्ष बोलतो ते करतो. गावात एसटी येऊ शकते, हे आज सिद्ध झालं." टाळ्या पडल्या. नवरदेवाकडच्यांनी तर जोरात वाजवल्या, त्यांना वाटलं हे आपलंच स्वागत.

"पोरी, बससोबत एक फोटो घे," आप्पा मला म्हणाले. मी मोबाईल पर्समधून काढला नाही.

पाठवणीच्या वेळी शिवकन्या सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्यापाशी आली, तेव्हा नुसती उभी राहिली. मग बसमध्ये चढली. कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली तशी तिनं काच सरकवली, डोळे पुसले आणि मला हाक मारून म्हणाली,

"ताई, खिडकीची जागा भेटली बघा."