आयरिश कोंबडीचं जेवण

त्या रेस्टॉरंटात मी गेलो तो पाहुणा म्हणून, आणि तोही कौतुकाचा पाहुणा. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी नवा शर्ट घालून गेलो होतो.

रास अल खोरच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये मी वीस वर्षं काम करतोय. आयर्लंडहून विमानानं येणारी कोंबडी, लोणी, चीज आमच्याकडे उतरतं आणि दुबईतल्या त्या एका आयरिश रेस्टॉरंटला जातं. दर तासाला थंड खोलीचं तापमान बघायचं, शीटवर लिहायचं, शेजारी बरोबरची खूण करायची. हे काम मी आणि माझा मित्र आळीपाळीनं करायचो. मित्र सांगलीचा. माझं लग्न व्हायच्या आधी आम्ही इंटरनॅशनल सिटीतल्या एका खोलीत वरच्या-खालच्या कॉटवर दिवस काढलेले.

गणपतीच्या दिवशी पाळी माझी होती. बर दुबईत ओळखीच्यांकडे आरती होती. मित्राला म्हटलं, "जरा सांभाळून घे, मी आलोच." आणि निघताना चार, पाच, सहा या तिन्ही वेळांपुढे आधीच 'दोन अंश' लिहून खुणा करून टाकल्या. एवढ्या वर्षांत तिथं दोनाचे तीन झाले नव्हते. शिवाय बाप्पाच्या कामाला चाललोय, आज काही बिघडणारच नाही, असा बावळट विश्वास.

मित्राला खाली ट्रक उतरवायला बोलावलं. वर मशीन बंद पडलं. साडेसहाला मी मोदकांचा डबा घेऊन परतलो तर खोलीत अकरा अंश! मीच मॅनेजरला फोन केला, माल अडवला. सगळी कोंबडी फेकून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं शीट पुढ्यात टाकली. "ये किसने लिखा?"

मी तोंड उघडलं होतं, अगदी खरं सांगतो. पण माझ्याआधी मित्र म्हणाला, "मैंने."

"खलास. कल से मत आना."

बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "गप बस. तुझी पोरगी बारावीत आहे. तुझा व्हिसा गेला तर तिचं वर्ष जाईल. मी काय, एकटा जीव." मी परत आत जायला हवं होतं. नाही गेलो. आज सांगू, उद्या सांगू करत दीड महिना ढकलला. तेवढ्यात त्यानं चार ठिकाणी अर्ज केले, कुणी दारात उभं केलं नाही. शेवटी परतीचं तिकीट काढलं.

त्याच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळी रेस्टॉरंटच्या मालकानं जेवायला बोलावलं. खराब माल वेळेत अडवणाऱ्याला, म्हणजे मला, सहकुटुंब.

काचेमागे कोंबड्या सळईवर फिरत होत्या. मेनूवर प्रत्येक गोष्टीचं गाव लिहिलेलं : कोंबडी कुठल्या शेतावरची, बटाटे कुठले, लोणी कुठल्या दुधाचं. वर ठळक अक्षरात 'लोकल'. लेक म्हणाली, "बाबा, लोकल टू हूम?" जन्मापासून इथंच वाढलेली पोर, तिनंच हे विचारावं!

मालक स्वतः आला. धिप्पाड आयरिश माणूस. कोंबड्या त्याच्या गावाकडच्या शेजाऱ्याच्या होत्या, त्या फेकल्याचं त्याला खरंच दुःख झालं होतं. माझा हात हातात घेऊन म्हणाला, तुझ्यासारख्या माणसांमुळे माझं नाव राहिलं. त्याचा शब्द आमच्या मॅनेजरनं मोडला नसता. मी तिथं चार वाक्यं खरी बोललो असतो तर मित्राचं तिकीट रद्द झालं असतं आणि बहुतेक माझं निघालं असतं. हे मला ताट येण्याआधीच ठाऊक होतं. मी म्हणालो, "थँक यू, सर."

ताट आलं. काचेमागचा स्वयंपाकी प्रत्येक कोंबडी उतरवली की मांडीत थर्मामीटर खुपसायचा, वाकून आकडा बघायचा आणि मगच वहीत लिहायचा. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

"भावजींना थोडं बांधून नेऊ या," बायको म्हणाली. "उद्या चाललेत बिचारे. चूक केली खरी, पण माणूस सोन्यासारखा." तिला मी आजवर काही सांगितलेलं नाही.

"त्याचं पॅकिंग चालू असेल," मी म्हटलं, "कशाला त्रास द्यायचा?"

पार्किंगमध्ये त्याचाच फोन आला. "जेवलास का?" असं विचारून हसला. "इतकी वर्षं आपण ती कोंबडी उतरवली, चाखली कधी नाही रे. कशी लागते?"

पुढं लेक सीटबेल्ट लावत होती. बायको माझ्याकडे बघत होती.

"काही खास नाही," मी म्हणालो. "अळणी असते."

"मग बरंय," तो म्हणाला. "म्हणजे आपलं काही राहून गेलं नाही."

त्याचं विमान सकाळी वेळेवर गेलं. आणि इतकी रुचकर कोंबडी मी उभ्या जन्मात खाल्ली नव्हती. हाडंसुद्धा चोखली होती मी.