शून्याचं टोक

ज्या घराची किंमत ठरवायला जायचं, त्या घरचा चहा सुभेदारांनी कधी घेतला नाही. पाणी मागून घ्यायचे, तेही उभ्याउभ्या. आमच्याकडे दारी आलेल्याला चहा न विचारणं वाईट आणि विचारलेला न घेणं त्याहून वाईट. बायामाणसं दाराआड कुजबुजायची, पुरुष तोंडावर नाराज व्हायचे. सुभेदारांना त्याचं सुखदुःख नव्हतं. फारच आग्रह झाला की म्हणायचे, "चा पेला का भिंत जाड दिसते, भाऊ. राहू द्या." आणि खिशातून टेप काढायचे.

शेलूबाजारात त्यांना टेपवाले सुभेदार म्हणत. फौजेच्या इंजिनियर पलटणीत पूल आणि बराकी बांधण्यात त्यांची उमर गेली. डिप्लोमाही तिथेच केला. निवृत्त होऊन गावी आले आणि एका बँकेच्या पॅनेलवर व्हॅल्युअर झाले. माजी सैनिकांना सरकारी हमीवर घरासाठी कर्ज मिळतं, पण त्याआधी बँकेने मंजूर केलेल्या माणसाला घर पाहून त्याची किंमत लिहून द्यावी लागते. आमच्या भागात असा माणूस एकच होता, सुभेदार. दुसरा मला व्हायचं होतं. सिव्हिलची पदवी होती, परीक्षा पास झालो होतो, पासपोर्ट साइजचे फोटोसुद्धा काढून ठेवले होते. अडलं होतं एका कागदावर. जुन्या व्हॅल्युअरच्या हाताखाली काम केल्याचा, त्याच्या सहीचा दाखला हवा होता. वाटलं, सहा महिने गोड बोलून काढले की सही मिळेल. चार वर्षं लागली.

पहिलं वर्ष तर मी नुसतं शून्य धरलं. टेपचं शून्याचं टोक भिंतीला टेकवून उभं राहायचं, आकडा सुभेदार वाचणार. एवढंच काम. मी एकदा कुरकुरलो की पदवी घेतलेल्या माणसाला हे काय काम. तर म्हणाले, "इंजिनियर, आकडा कोणीबी वाचते. बेइमानी शून्याकडून होते. तिकडचा माणूस चार बोटं सरकला का खोली वाढते." ते घरमालकाच्या हाती शून्य कधी देत नसत. एकटे गेले तर भिंतीत खिळा ठोकून त्याला टोक अडकवायचे. निघताना खिळा उपटून खिशात टाकायचे आणि भोकाला चुना लावायचे. मला ते सगळं अतिरेकी वाटायचं. त्यांना मी काय वाटत होतो हे मला 'इंजिनियर' या हाकेवरूनच कळायचं.

घराचं वय काढायची त्यांची रीत मात्र मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. घर जितकं जुनं तितकी किंमत कमी, म्हणून मालक वय चोरतो. ग्रामपंचायतीच्या नोंदीवरही त्यांचा भरवसा नव्हता. लोक घर बांधतात आज आणि नोंद करतात सवड होईल तेव्हा. सुभेदार मालकाला विचारायचेच नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन, पाठमोरे उभे राहून विचारायचे, "बाई, स्लॅब पडला तवा कोणतं लेकरू पोटात होतं?" आणि बाई आतून पटकन सांगायची. "मधवा." "बारकी मांडीवर होती, दात येऊन राह्यले होते." मधवा कितवीत आहे विचारलं की घराचं वय निघालं. मालक डोकं खाजवत उभा. "माणूस सन भुलते," सुभेदार जीपमध्ये सांगायचे, "बाई पोट भुलत नाही."

एकदा पोहरादेवीला एका निवृत्त हवालदाराचं घर मोजायला गेलो. तो म्हणाला, यात्रेत या ओट्यावर निजायलासुद्धा लोक पैसे देतात, तेवढं किमतीत धरा. सुभेदारांनी टेप गुंडाळत उत्तर दिलं, "यात्रा आठ दिवस राह्यते भाऊ, घर बारा महिने." वाशीमजवळच्या एका माळी जवानाने आमच्या नकळत जीपमध्ये वांग्यांची पिशवी ठेवली होती. दोन कोस आल्यावर ती दिसली. सुभेदारांनी जीप वळवायला लावली. ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, वांगेच तं हायेत." सुभेदार पिशवी मांडीवर धरून बसले. परत देताना मात्र त्या जवानाच्या वांग्यांची त्यांनी तोंडभरून तारीफ केली आणि बाजाराच्या दिवशी येऊन त्याच्याचकडून विकत घेतली.

तिसऱ्या वर्षी त्यांनी मला एकट्याला किन्हीराजाला पाठवलं. दाखल्यासोबत नमुन्याचे तीन अहवाल जोडायचे होते, त्यातला हा शेवटचा. घर एका लान्सनायकाचं. उन्हातून गेलो होतो, त्याच्या आईने चहा पुढे केला. मी घेतला. मग ज्वारीची भाकर, ठेचा, वर दही. मायेने जेवू घातलं, खोटं का सांगू. नंतर मोजायला उठलो तर लान्सनायक म्हणाला, "साहेब, तुमी बसा, मी धरतो टोक." आणि मी धरू दिलं. अहवाल नेऊन दिला. सुभेदारांनी तो वाचला आणि विचारलं, "काय जेवला?" दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन पुन्हा किन्हीराजाला गेले. खोली चौदा इंचांनी कमी भरली. त्या लान्सनायकाला ते एक शब्द बोलले नाहीत. मला परतीच्या वाटेवर म्हणाले, "त्याची चूक नाही. त्याचं घर हाये, तो सरकनच. तू काहून बसून राह्यला?" दाखला आणखी एक वर्ष लांबला. त्या वर्षी मी त्यांचा मनापासून राग केला.

दाखला दिला तो त्यांना अर्धांगाचा झटका आल्यावर. उजवी बाजू गेली होती. डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी सही केली. बँकेने ती ओळखली नाही. मॅनेजरने घरी माणूस पाठवून खात्री करून घेतली. दोन महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. या दिवसाचं चित्र मी चार वर्षं मनात रंगवलं होतं. पत्र वाचलं, घडी केली, परत लिफाफ्यात ठेवलं. आत काही हललं नाही. वाटलं, दमलो असेन. तेव्हापासून ते तसंच आहे.

पॅनेलवर आल्यावर हाती आलेली पहिली फाईल सुभेदारांच्या घराची होती.

जिल्ह्यातल्या किती फौजींचे अर्ज त्यांनी भरून दिले असतील, पण स्वतः ते कर्ज कधी घेतलं नव्हतं. आता दोन्ही खोल्यांचा स्लॅब गळत होता, लोखंड बाहेर आलं होतं. आपल्या मागे आपली बायको, आमच्या काकू, त्याखाली राहणार, हे त्यांना खाटेवर पडल्यापडल्या रोज दिसत होतं. दोन्ही स्लॅब पाडून नवे टाकायचे होते, पावसाआधी. मी मॅनेजरकडे जाऊन सांगितलं की हे माझे गुरू आहेत, फाईल दुसऱ्याला द्या. तो म्हणाला, या भागात दुसरे तेच होते आणि अर्ज त्यांचाच आहे. अकोल्याहून माणूस मागवला तर पावसाळा उलटेल. तुमची ओळख अहवालात लिहा आणि जे असेल ते द्या.

मी गेलो. काकूंनी नेहमीप्रमाणे चहा ठेवला. चार वर्षं मी त्या घरी रोज चहा प्यालो होतो. कप हातात घेणार तोच खाटेवरून जड जिभेने आवाज आला, "त्याले चा नको देऊ. तो आज कामावर आला." काकू कप उचलून आत घेऊन गेल्या आणि पाण्याचा पेला आणला. मी उभ्याने प्यालो.

टेप काढला तर धरायला कोणी नाही. मी खिळा शोधू लागलो. सुभेदारांनी डावा हात पुढे केला. खाट भिंतीला लागूनच होती. त्यांनी शून्याचं टोक भिंतीला टेकवलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. टोक हललं नाही. मी आकडा वाचला.

मग वय. ग्रामपंचायतीच्या कागदावर बावीस वर्षं होती. तेवढी धरली तर दोन्ही खोल्यांचा खर्च कर्जात बसत होता; हिशेब मी आदल्या दिवशीच करून पाहिला होता. या घरात लेकरू कधी नव्हतं, म्हणजे तो प्रश्न विचारायचाही प्रश्न नव्हता. मी कागदावरून लिहू लागलो.

"कायले पाहून लिहून राह्यला?" सुभेदार म्हणाले.

"नोंद आहे, काकाजी. बावीस."

"मालकिणीले विचार."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो, पाठमोरा उभा राहिलो आणि विचारलं. कसं विचारलं ते आठवत नाही.

आतून भांड्याचा आवाज थांबला. काकू म्हणाल्या, "पोरगी होती. सातवा चालू होता. हे सुट्टीवर नव्हते. स्लॅबाले पाणी माराले कोणी नव्हतं, म्हणून मीच शिडीवर चढली." मग म्हणाल्या, "असती तं यंदा एकतीसची असती."

मी वयाच्या रकान्यात एकतीस लिहिलं. सुभेदारांना दिसेल असा कागद धरला. त्यांनी पाहिला आणि डोळे मिटले.

एकतीस वर्षं धरल्यावर किंमत घसरली. कर्ज एका खोलीपुरतंच मंजूर झालं. "सैपाकघराचा टाक," एवढंच ते म्हणाले. नवा स्लॅब पडला तेव्हा सकाळ-संध्याकाळ त्याला पाणी मारायला मी जात होतो. काकूंना मी शिडीजवळ येऊ दिलं नाही. बाहेरच्या खोलीवर ताडपत्री टाकली होती, तिच्याखाली सुभेदार पडून होते. पहिला पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी ते गेले.

मला रडू आलं नाही. स्मशानात सगळे रडत होते आणि मी शेडचे खांब मोजत होतो, दोन खांबांत दहा फूट असेल की साडेदहा. त्यांच्याबद्दल लिहिण्याची वेळ माझ्यावर आली म्हणून लिहितो आहे. अजूनही आत काही हलत नाही. रात्री कधीतरी मनात येतं, बावीस लिहिलं असतं तर ते कोरड्या छताखाली गेले असते. मग हेही येतं की बावीस लिहिलं असतं तर त्यांनी डोळे तसे मिटले नसते. दोन्ही खरं वाटतं आणि दोन्हीने काही होत नाही.

आता मीही चहा घेत नाही. लोक म्हणतात, साहेबाला मोठेपणा आला. टेप त्यांचाच वापरतो. त्याच्या शून्याच्या टोकावरचं पितळ त्यांच्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालेलं आहे.

तेरवी झाल्यावर काकूंकडे गेलो होतो. नव्या स्लॅबखाली, स्वयंपाकघरात बसवलं त्यांनी. चहा पुढे ठेवला. सवयीने मी म्हणालो, "पाणी द्या, काकू."

"पे आता," त्या म्हणाल्या. "आता काय मोजाचं राह्यलं?"

मी कप उचलला. चहात साखर होती की नव्हती ते मला समजलं नाही. पण पूर्ण प्यालो.