आता त्यांना विचारा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दर रविवारी आम्ही हौशी मंडळी बेंगळुरूच्या चामराजपेटेत एका क्लासच्या खोलीत जमायचो आणि सर्वांना फुकट वापरता येतील असे प्रोग्राम लिहायचो. आमच्यातल्या अक्का पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच. त्यांच्या मराठीत कानडी मिसळलेली. नवख्याला शिकवताना त्या कीबोर्डला बोटही लावत नसत. कुणी घाईला आलं की म्हणायच्या, "स्वल्प थांब. आधी बघ, मग कर."

त्यांचा कानडी छपाईचा प्रोग्राम गावोगावी चालायचा. एका रविवारी त्यांनी तो आमच्यात नव्यानं आलेल्या एका शिक्षिकेच्या हवाली केला. पुढच्याच आठवड्यात तिच्या एका बदलामुळे जोडाक्षरं तुटून छापली जाऊ लागली. तक्रारी अक्कांकडे आल्या. दुरुस्ती म्हणजे त्यांच्या हातचा मळ. तरी त्यांनी सगळ्यांना ईमेलनं कळवलं, "आता हा प्रोग्राम या बाई सांभाळतात. त्यांना विचारा."

रविवारी शिक्षिका रडकुंडीला आली. "अक्का, तुम्हीच करा ना."

"मीच केलं तर हा प्रोग्राम माझ्याबरोबरच संपेल ग," असं म्हणून त्या खालच्या हॉटेलातून कॉफी आणायला गेल्या.

बराच वेळ झाला म्हणून मी बघायला गेलो. अक्का जिन्यातच उभ्या होत्या. हातातली कॉफी निवून गेली होती आणि कान दाराकडे लागले होते. आतून शिक्षिकेचं "जमलं" असं ऐकू आलं, तेव्हाच त्या वर चढल्या.