सड्यावरचं टाकं

गेल्या रविवारी सकाळी, म्हशी पाण्यावर आणायच्या वेळेला, डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ सड्यावर राहणाऱ्या बायजाबाईंचं पाणी पळवलं गेलं. खडकातल्या टाक्यावर आधी जनावरं पितात, मग माणसं हंडा बुडवतात, अशी इथली रीत. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी एका पर्यटकाच्या गाडीचा पाइप बुडाला. ट्रकएवढी आलिशान गाडी, आत पलंग, न्हाणीघर, सगळं. शेजारी मित्राची छोटी कॅम्पर व्हॅन. कुठली घेणं शहाणपणाचं, यावर दोघांचा वाद रंगला होता.

"माझ्या गाडीत रोज अंघोळ होते," पहिला म्हणाला.

"पण माझी वरच्या झऱ्यापर्यंत चढते की!"

"म्हंजे त्योबी आटिवणार व्हय रं पोरांनो?" बायजाबाईंनी विचारलं. दोघं हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तळाचा चिखल म्हशी चाटत होत्या. पायी फिरायला आलेला मी हे बघत होतो. एक गाडी होतं ते पाणी पिते, दुसरी उरलेलं शोधत वर चढते, आणि याला आपण निसर्गाची ओढ म्हणतो. पावसाला अजून अवकाश होता. बायजाबाई रिकामा हंडा घेऊन दरीकडे उतरू लागल्या.

गाडी तुम्ही कुठलीही घ्या. पाणी मात्र घरून भरून आणा, आणि डांबर संपेल तिथे उतरून चालू लागा.