साडेतीनशे फॅरनहाइट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय, आणि सांगतानाही मला स्वतःची शिसारी येतेय.

मी शाळेत विज्ञान शिकवते. सातवीला उष्णतेचा धडा असतो — फॅरनहाइटमधून बत्तीस वजा करा, पाचनं गुणा, नवानं भागा, की झालं सेल्सिअस. झोपेतून उठवलं तरी सांगेन. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

सुरेखा माझी धाकटी जाऊ. माहेर पैठणचं. दीर वाळूजला कंपनीत. फोनवर बघून बघून ती कुकरमध्ये केक करायला शिकली — आणि काय केक करायची! लोक दारात येऊन विचारू लागले, "केकवाल्या ताईंचं घर हेच का?" इतकी वर्षं ते मॅडमचं घर होतं. एवढ्याशा गोष्टीवरून जळावं का माणसानं? मी जळले. तिच्या केकचा वास सुटला की मी माझ्या खोलीचं दार लावून घ्यायचे.

मग तिच्या भावानं तिला ओव्हन घेऊन दिला. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचा केक त्यातच करायचा, असं तिनं ठरवलं. तिचे आईवडीलही येणार होते. त्या सकाळी ती फोन घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, ही अमेरिकेतली बाई साडेतीनशे म्हणतीय. आपला काटा तर अडीचशेलाच संपतोय. कसं करू?"

त्या बाईचे साडेतीनशे फॅरनहाइटमधले होते. आपल्या ओव्हनच्या सेल्सिअसमध्ये ते एकशे सत्त्याहत्तर. सुरेखाचं बोलणं संपायच्या आत उत्तर माझ्या डोक्यात तयार होतं.

"मग शेवटपर्यंत फिरव," मी म्हणाले. "आपली यंत्रं कमीच तापतात."

किती सहज म्हणाले! किती मायेनं!

थोड्या वेळानं जळका वास यायला लागला. ती पळत आली. "काढू का ताई?"

इथं तरी थांबता आलं असतं ना? पण — "मध्येच उघडलंस तर खाली बसेल," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

संध्याकाळी सगळ्यांसमोर सासऱ्यांनी केक कापला. वरून काळा ठिक्कर. सुरी आत गेली आणि मधून कच्चं पीठ ओघळलं — पिवळं, चिकट. कुणीतरी हसलं. सासूबाई म्हणाल्या, "विकतचा आणला असता तर बरं झालं असतं." सुरेखाच्या आईनं मान खाली घातली.

सुरेखा स्वयंपाकघरात आली. मला वाटलं, आता विचारेल. तर म्हणाली, "तुम्ही एवढं नीट सांगितलं, तरी मला नाय जमलं ताई." आणि मी — मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात धुऊन काढावा असं मला आजही वाटतं.

तिनं ओव्हन भावाला परत दिला. कुकरमध्येही पुन्हा कधी केक केला नाही.

एवढंच असतं तरी पुरे होतं. पण खरी किळस येते ती पुढच्या गोष्टीची.

तिची मुलगी आर्या सातवीत माझ्याच वर्गात आली. तो धडा झाला त्या दिवशी घरी ती कागद घेऊन आली. सुरेखा शेजारीच मेथी निवडत होती.

"मोठी आई, मी मम्मीच्या केकचं गणित केलं. साडेतीनशेचे एकशे सत्त्याहत्तर येतात. मग आपण काटा अडीचशेवर का ठेवला होता?"

सुरेखाचा हात थांबला. मी कागद पाहिला. एकही चूक नव्हती.

"चुकलंय," मी म्हणाले. "ओव्हनला हे सूत्र चालत नाही."

"पण मी दोनदा —"

"चुकलंय म्हटलं ना!"

"ताईंना माहीत नसंल का?" सुरेखा तिच्यावर ओरडली. "वाद नको घालू. खोड ते."

पोरीनं खोडलं. बरोबर आलेलं उत्तर माझ्यासमोर बसून रबरानं खोडलं. मी बघत राहिले.

त्यानंतर आर्या वर्गात हात वर करीनाशी झाली. यंदा दहावीनंतर तिनं विज्ञान घेतलं नाही. घरात सगळ्यांनी कारण विचारलं. "मला सूत्रं कळत नाहीत," ती म्हणाली, "मोठी आईला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.