बाळ आणि बटणाचं जॅकेट

आठवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, "आता गुरं राख." मास्तर थोडक्यात चुकले. बंगळुरात, एचएसआर लेआउटमध्ये, मी एका पुणेकर ताईंचा लॅब्राडोर फिरवायला लागलो. कुत्र्याला मराठीच कळतं, म्हणून त्यांना मराठी माणूस हवा होता. गावापासून इतक्या लांब माझ्या "चल" आणि "बस"ला पगार मिळतो, याचं मला अजून नवल वाटतं.

कुत्र्याला कुत्रा म्हणायचं नाही, बाळ म्हणायचं. बाळ फार जाड झालं होतं. ताई म्हणाल्या, "दादा, डॉक्टरांनी पार्कच्या दोन फेऱ्या सांगितल्यात. वजन नाही उतरलं तर ट्रेनर ठेवावा लागेल हं." बोलल्या गोडच, पण ट्रेनर आला की माझं काम गेलं.

त्यात डिसेंबर लागला. मी जतकडचा, उन्हात वाढलेला. इथली सकाळ मला झोंबते. कानटोपीत कुडकुडताना बघून ताईंनी त्यांच्या भावानं परदेशातून आणलेलं जॅकेट मला दिलं. आत बॅटरी, छातीवर बटण. दाबलं की लाल दिवा लागतो आणि पाठपोट गरम होतं. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं, डोळ्यांत पाणीच आलं. पाठोपाठ काळजी आली, ही बॅटरी पोटाशी फुटली तर?

गेटवरच्या वॉचमननं विचारलंच, "एनु अण्णा, हार्ट में मीटर लगाया क्या?"

बॅटरी काही फुटली नाही. पण बुटाची नाडी बांधायला मी खाली बसलो आणि बाळाला उबेचा शोध लागला. ते सरळ माझ्या पोटात घुसलं आणि डोळे मिटून पडलं. ओढलं तर आडवं झालं. फेरी तिथंच संपली.

दुसऱ्या दिवशी बटण बंदच ठेवलं. वर बाल्कनीतून ताई ओरडल्या, "दादा, दिवा नाही दिसत! लावा की, लाजता काय!" लावला. कोपऱ्यावर वळून विझवला. बाळ तिथंच बसलं, नाकानं बटण हुंगलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू साऱ्या गल्लीची लाइट मीच घालवली.

वजन उतरेना. जॅकेट घालावं तर काम जाणार, न घालावं तर ताईंचं मन मोडणार. शेवटी एका सकाळी दारातच धीर केला. "ताई, जॅकेट लई भारी आहे. पण माझ्यापेक्षा बाळालाच जास्त मानवलंय." मग सगळं सांगून टाकलं.

ताई पोट धरून हसल्या. जॅकेट मागून घेतलं, स्वतः घातलं, दिवा लावला. "चला, बघू."

पुढं ताई, ऊब गाठायला त्यांच्यामागं दुडूदुडू धावणारं बाळ, आणि पट्टा धरून दात वाजवत मी. दोन फेऱ्या कशा झाल्या कळलंच नाही. ताई खूश. "अहो दादा, हे तर मीच रोज करू शकते!"

माझे दात वाजायचे थांबले. ताईच चालणार म्हटल्यावर पट्टा धरायला माणूस कशाला? मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

तेवढ्यात बाळ एका झाडाखाली थांबलं, गोल गोल फिरलं आणि शेपटी उचलून बसलं. ताईंनी झटकन तोंड फिरवलं, गरम बाही नाकावर दाबली आणि ओरडल्या, "दादा! पिशवी!"

इतक्या आनंदानं मी आजवर कधी वाकलो नव्हतो.